स्वराज्यरक्षक संभाजी परत पहिल्यापासून, या वेळी जाहिरातींशिवाय : आठ महिन्यांचा अनुभव

सप्टेंबर 2017 ला ही मालिका सुरू झाली आणि फेब्रुवारी 2020 ला संपली, त्या अडीच वर्षांत आमच्या घरी रात्रीची ताटं टीव्हीसमोर यायची, एकही भाग चुकवला नाही म्हटलं तरी चालेल. मागच्या वर्षी पप्पांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, दिवसभर पलंगावर, म्हणून मी एका ॲपचं वर्षाचं सबस्क्रिप्शन घेतलं आणि पहिल्या भागापासून लावली. रोज तीन भाग, सलग, मध्ये जाहिरात नाही. कोणाला असं करायचं असेल तर आमचा अनुभव सांगते.

पहिले आठ-दहा दिवस तर स्वर्ग. शिवाजी महाराज गेले तो भाग टीव्हीवर कसा बघितला होता ते आमच्या घरात आजही सगळ्यांना आठवतं. शंतनू मोघेंनी महाराज इतके मनात बसवले होते की आई पदर डोळ्याला लावून बसलेली, आणि तेवढ्यात ब्रेक, आणि लगेच भांड्यांच्या साबणावर चार बायका नाचतायत, तेही मालिकेच्या दुप्पट आवाजात. पप्पांच्या रिमोटचं मागचं झाकण तुटलेलं, सेल रबरबँडने बांधलेले, तर त्या रबरावर एक हात दाबून दुसऱ्या हाताचा अंगठा ते कायम म्युटवर ठेवून बसायचे. या वेळी तोच भाग सलग बघितला, संपल्यावर पाच मिनिटं कोणी बोललं नाही. ऐतिहासिक मालिकेला ही शांतता लागतेच असं माझं ठाम मत आहे. घरगुती भांडणाच्या मालिकेत साबण आला तर एवढं बिघडत नाही, पण 1680 सालच्या रायगडावरून माणसाला थेट मोबाईलच्या सेलमध्ये आणून टाकलं की परत गडावर चढायला वेळ लागतो हो.

नियम तसा आहे, तासाला 12 मिनिटं, 10 जाहिरातींची आणि 2 वाहिनीच्या स्वतःच्या कार्यक्रमांची. म्हणजे अर्ध्या तासाला सहा. पण सहा मिनिटं किती आहेत यापेक्षा ती कुठे घातलीत हे जास्त महत्त्वाचं, आणि ते कोणी बघतच नाही.

आता दुसरी बाजू. महिनाभराने लक्षात आलं की जाहिराती गेल्या पण ब्रेक काही गेला नाही. भागातच तो शिवलेला आहे. दर सात-आठ मिनिटांनी कोणीतरी दचकून मान वळवतं, ढोल वाजतात, सोयराबाईंच्या चेहऱ्यावर, अनाजीपंतांच्या चेहऱ्यावर, परत सोयराबाईंच्या चेहऱ्यावर कॅमेरा, मग काळं, आणि पुढे तोच प्रसंग थोडा मागून परत सुरू. टीव्हीवर हे खटकलं नव्हतं कारण मध्ये आपण पाणी पिऊन आलेलो असायचो. सलग तीन भागांत हे बघितलं की चीड येते. लेखन एवढं चांगलं, अमोल कोल्हेंचं काम एवढं जीव ओतून, येसूबाईंच्या कामात प्राजक्ता गायकवाड इतक्या समंजस, आणि त्यात ही ठिगळं.

पुण्याच्या मावशीचं मत अगदी उलट आहे, तेही लिहिते. ती म्हणते, जाहिराती होत्या म्हणून घोडे आले, तलवारी आल्या, एवढे सेट उभे राहिले, फुकट कोण करेल? आणि तिच्या भाकऱ्या ब्रेकमध्येच व्हायच्या. हे मला पटतं, पैसा तिथूनच येतो. माझं म्हणणं एवढंच की दुःखाच्या भागाला ब्रेक आधी उरकून घ्या, शेवटची दहा मिनिटं मोकळी सोडा, मावशी भाकऱ्या थोड्या आधी करेल.

ॲपबद्दल एकच तक्रार, आपण कुठे थांबलो ते विसरतं. दोनदा वीस-वीस भाग मागे गेलं, शोधत बसावं लागलं.

एक गोष्ट मात्र मला ब्रेकमुळेच मिळाली होती हे आता कळतंय. आम्ही नाशिकचे. रामशेज सुरू झालं की ब्रेकमध्ये पप्पा म्युट करून सांगत बसायचे, आशेवाडीतून कसं चढायचं, कॉलेजात असताना ते किती वेळा गेले, एवढासा किल्ला आणि औरंगजेबाच्या फौजेला कितीतरी वर्षं दाद देत नव्हता. माझ्या भावाला इतिहास तिथे लागला, शाळेत नाही. या वेळी सलग लावल्यावर पप्पा गप्पच. मग एके दिवशी त्यांनीच माझ्याकडून रिमोट मागून घेतला, रामशेजच्या मध्यावर पॉज दाबलं आणि म्हणाले, "थांब, हे आधी ऐक." तेव्हापासून रिमोट त्यांच्याकडेच असतो. कधी पंधरा मिनिटं थांबतो, कधी चहा होतो, परत सुरू. आई म्हणते हा ब्रेक बरा.

आता शेवटचे साठेक भाग राहिलेत, संगमेश्वर जवळ आलंय. 1 फेब्रुवारी 1689, तारीख पप्पांनी परवा दोनदा सांगितली. टीव्हीवर ते शेवटचे आठवडे बघताना जाहिरात आली की आईला सुटल्यासारखं व्हायचं, असं ती आता कबूल करते, तेव्हा सगळ्यात जास्त तीच ओरडायची. सबस्क्रिप्शनचे अजून चार महिने आहेत. काल तिसरा भाग लावायला गेले तर पप्पा म्हणाले, राहू दे, आजपासून रोज एकच लाव.