प्रकाशाची तलवार मागवताय? आधी मूठ उघडून दाखवायला सांगा

बेळगावात शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक वैशाखात निघते आणि रात्रभर चालते. आमच्या मंडळाचा यंदाचा जिवंत देखावा होता भवानीमाता महाराजांना तलवार देते तो. तलवार हातात येताच पातं मुठीपासून टोकापर्यंत भगव्या ज्वाळेसारखं पेटत जावं, असं पोरांच्या मनात होतं. इंग्रजी सिनेमांतल्या प्रकाशाच्या तलवारींच्या प्रतिकृती हल्ली ऑनलाइन मिळतात. तसली एक मागवायची आणि तिच्यावर शहापूरच्या कारागिराकडून आपल्या पद्धतीची मूठ चढवायची, असं ठरलं.

इन्स्टाग्रामवर एक विक्रेता सापडला, कोल्हापूरचा म्हणून सांगणारा. "ज्वाळा, ठिणगी, वर सरकत पेटणं, सगळं तुमच्या मनासारखं प्रोग्रॅम करून देतो, साहेब." व्हिडिओही झकास होते. तलवारीचे १४,००० आणि प्रोग्रॅमिंगचे वेगळे ६,०००, सगळे आगाऊ, यूपीआयवर.

पार्सल आलं. बटण दाबलं की अख्खी नळी एकदम उजळायची. रंग बदलायचा, आवाजही यायचा, पण उजेड काही वर चढेना. फोन केला तर म्हणे, "बेसिक मोडवर आहे, फाइल पाठवतो." ती मेमरी कार्डात टाकली, तर फक्त आवाज बदलला. मग त्यानं नवीनच काढलं: ॲडव्हान्स इफेक्टचं लायसन्स घ्यावं लागेल, ३,५०० रुपये. इथं आमचे खजिनदार अडले. "आधी आत काय हाय ते बघूया की."

उद्यमबागच्या कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकणारा मंडळातला एक पोरगा आहे. त्यानं ॲलन कीनं मुठीवरचा बारका स्क्रू सैल केला आणि नळी उपसून काढली. नळी पोकळ. आत गुंडाळलेली पारदर्शक फिल्म, टोकाला चकचकीत चकती, बस्स. मुठीच्या तोंडाशी एकच भिंग आणि त्याखाली एकच दिवा. "दादा, ह्यात पट्टीच न्हाई. ह्यो काय प्रोग्रॅम करूलालाय?"

या तलवारी दोन जातीच्या असतात. एकीत दिवा मुठीत असतो आणि नळी नुसता उजेड पसरवते. ती रंग बदलेल, लुकलुकेल, पण जे होईल ते सगळ्या नळीत एकदम. दुसरीला पिक्सेल म्हणतात. तिच्या पात्यात एलईडीच्या दोन पट्ट्या पाठीला पाठ लावून बसवलेल्या असतात. बहुधा डब्ल्यूएस२८१२बी जातीच्या, आणि त्यातल्या प्रत्येक दिव्यात स्वतःची चिप. त्यामुळे कुठला दिवा कधी आणि कोणत्या रंगात लागावा हे सांगता येतं, आणि म्हणूनच ज्वाळा सरकते, घाव बसेल तिथेच ठिणगी उडते. एका दिव्याकडून हे काम जगातला कुठलाच प्रोग्रॅम करून घेऊ शकत नाही. लायसन्सचं तर विचारूच नका. पिक्सेल तलवारींत वापरतात त्या प्रॉफी नावाच्या सर्किट बोर्डाचं सॉफ्टवेअर जीपीएल परवान्याखाली सगळ्यांना मोफत खुलं आहे. कुणी मेहनत घेऊन त्यात आपल्याजोगा इफेक्ट लिहून दिला तर त्याचे पैसे जरूर द्यावेत. आमच्या बोर्डात तर तसलं काही घालायची सोयच नव्हती.

हे ऐकवल्यावर गडी आधी "केबल खराब असेल" म्हणाला, मग त्यानं नंबर ब्लॉक केला.

पोलीस ठाण्यात आम्हाला सांगितलं, माल तर मिळालाय, तुम्ही ग्राहक मंचात जा. विक्रेता महाराष्ट्रातला, आपण कर्नाटकातले, मग केस कोल्हापुरात घालायची काय, ही आमच्याकडची नेहमीची धास्ती. तशी गरज नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, आणि मालाची किंमत ५ लाखांच्या आत असेल तर फी पडत नाही. वाट विचारायला १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. माल न देताच पैसे उडवले असतील तर मात्र वेळ न घालवता सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन लावावा. आम्ही पावत्या, चॅट आणि उघडलेल्या मुठीचे फोटो जोडून बेळगावच्या आयोगात तक्रार दिली आहे.

मागवणाऱ्यांनी विक्रेत्याला पातं काढून मुठीचं तोंड व्हिडिओ कॉलवर दाखवायला लावावं. पिक्सेल असेल तर तिथं बारीक पितळी पिनांची गोल चकती दिसते. भिंग दिसलं तर फोन ठेवा. आमचा इसम आता दुसऱ्या नावानं धंदा करतोय, व्हिडिओ मात्र तेच, कुणा परदेशी माणसाचे उचललेले: मागच्या भिंतीवर चपट्या पिनांचं सॉकेट आहे, आपल्याकडं नसतं तसलं.