कुलंट प्रेशर टेस्टर किट: हेड उतरवायच्या आधी एकदा हे लावून बघा

आमची 2009 ची डिझेल हॅचबॅक, 1 लाख 62 हजार किमी झालेत. गेले चार-पाच महिने कुलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव) कमी होत होतं आणि गाडीखाली थेंब नाही. पुणे-कराड जाऊन आलं की टाकीत अर्धा लिटर कमी, खंबाटकी चढताना जीव त्या टेंपरेचरच्या काट्यात अडकलेला, मागे आई बसलेली. एका गॅरेजवाल्याने रेडिएटर बदलला, फरक शून्य. दुसरा म्हणाला हेड गॅस्केट (इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं सील) गेलंय, 25 हजार धरून चला. पण ऑइल स्वच्छ, पांढरा धूर नाही, सकाळी स्टार्ट केल्या केल्या होज पाइप कडक होत नव्हते, त्यामुळे माझं मन काही मानेना.

म्हणून हे किट ऑनलाइन मागवलं, अडीच हजाराच्या आसपास पडलं. हातपंप, त्यावर मीटर, आणि वेगवेगळ्या गाड्यांच्या टाकीला बसणारी झाकणं. गाडी तापली की कुलंटमध्ये प्रेशर तयार होतं, बारीक गळती तेव्हाच बाहेर येते आणि गरम इंजिनवर लगेच वाळून जाते, म्हणून खाली काही सापडत नाही. हा पंप तेच प्रेशर गार इंजिनला देतो, मग गळलेलं ओलं राहतं आणि दिसतं. किती द्यायचं ते आपल्या कुलंट टाकीच्या कॅपवरच असतं, माझ्या कॅपवर 1.1 आहे म्हणजे 1.1 बार, साधारण 16 पीएसआय. त्याच्या वर जाऊ नका, जुने होज आणि टाकी उगाच फुटायची. आणि कॅप उघडायची ती इंजिन पूर्ण गार झाल्यावरच, गरम उघडली तर उकळतं पाणी थेट तोंडावर येतं.

पहिल्यांदा लावलं तर काटा सरसर खाली, मी घाबरलो, पण साबणाचं पाणी लावलं तर बुडबुडे किटच्याच झाकणापाशी. सोबत आलेली रबर रिंग अगदी हलकी आहे, दुकानातून चांगली ओ-रिंग आणून बसवली. या किटमधली हीच मोठी खोट, याचे मार्क कापणार, कारण नवख्या माणसाला वाटेल गाडीच गळतीये.

मग परत 15 पीएसआयपर्यंत पंप मारला. दहा मिनिटांत काटा 11 वर. बॅटरी घेऊन वॉटर पंप, होजच्या क्लिपा, सगळं बघितलं, कोरडं ठणठणीत. शेवटी डावीकडचं दार उघडून पुढच्या सीटखालचं मॅट उचललं तर कार्पेट ओलं. हे ओलं आम्ही आधीपण बघितलं होतं, सगळे म्हणायचे एसीचं पाणी आहे, ड्रेन पाइप चोकअप झालाय. पण एसीचं पाणी साधं पाणी असतं, हे बोटांत चोळलं तर बुळबुळीत लागलं आणि गोडसर वास आला. (चव घेऊन बघू नका, कुलंट विषारी असतं, कुत्र्या-मांजरांनाही.) डॅशबोर्डखाली हात घातला तर हीटर कोअरच्या (हीटरचा छोटा रेडिएटर, त्यातून गरम कुलंट फिरतं) जॉइंटवरून एक-एक थेंब येत होता. आमच्या गाडीत हीटर बंद असला तरी कुलंट त्यातून फिरतच असतं, बंद होतो तो फक्त हवेचा पडदा, म्हणून मी वर्षानुवर्षं हीटर न लावताही गळत होतं.

कोअर बदलायला पूर्ण डॅशबोर्ड उतरवावा लागतो, तो खर्च सध्या नको म्हणून ओळखीच्या मिस्त्रीकडून इंजिनकडच्या दोन्ही होज जोडून बायपास करून घेतला. पुण्यात हीटर लागतो कुठे, आणि पावसाळ्यात काचेवरचं धुकं एसीने जातं. नंतर परत पंप लावला, वीस मिनिटं काटा हलला नाही, खरंच डोळ्यात पाणी आलं.

काटा पडला पण बाहेर किंवा केबिनमध्ये कुठेच ओलं नाही, असं झालं तर मात्र हेड गॅस्केट किंवा ईजीआर कूलरचा (इंजिनात परत जाणारा एक्झॉस्ट गॅस कुलंटने गार करणारा भाग) संशय घ्यायचा. आणि इंजिन गरम असतानाच उघडणारी चीर गार टेस्टमध्ये सुटू शकते, तेवढी या किटची मर्यादा आहे.

पाचपैकी चार स्टार. घ्यायच्या आधी आपल्या टाकीच्या झाकणाचे आटे किटमधल्या झाकणाशी जुळतात का ते विक्रेत्याला फोटो पाठवून विचारा, माझ्या शेजाऱ्यांच्या गाडीला यातलं एकही झाकण बसलं नाही.