लाल अक्षरं: व्हीबी ६ की व्हीबी डॉट नेट?

लासलगावच्या आडत्यासाठी हिशेबाचा प्रोग्राम लिहिताना थकबाकी लाल दिसावी, ही मागणी रास्तच आहे. समोर रकमांची रांग असताना नजर नेमकी तिथेच जायला हवी.

व्हिज्युअल बेसिक ६ (व्हीबी ६, १९९८) या जुन्या प्रोग्रामिंग भाषेत लेबल (नुसता मजकूर) आणि टेक्स्टबॉक्स (लिहिण्याची चौकट) यांचं काम एका ओळीत होतं: फोअरकलर या अक्षरांच्या रंगाच्या गुणधर्माला व्हीबीरेड, म्हणजे लाल द्या, झालं. अडतं ते बटणापाशी. कमांडबटणाला फोअरकलर हा गुणधर्मच नाही. बटणाचा स्टाइल हा गुणधर्म ग्राफिकल केला की पार्श्वभूमी बदलता येते, अक्षरं मात्र सिस्टीमच्याच रंगात राहतात. मग रंगीत अक्षरांचं चित्र बटणावर बसवा, नाहीतर विंडोज एपीआय, म्हणजे विंडोजची स्वतःची फंक्शनं हाताशी धरून बटण स्वतः रंगवा. दुसरा मार्ग जमतो, पण मजकुराच्या रंगासाठी एवढा कोड लिहिणं मला पटत नाही. शिवाय रंग हेक्स (सोळाच्या पायाच्या) आकड्यात लिहिला तर त्यात निळा आधी आणि लाल शेवटी येतो, हे विसरलात तर थकबाकी निळी दिसेल.

व्हीबी डॉट नेट या तिच्या पुढच्या पिढीत बटणालाही फोअरकलर आहे, कलर.रेड लिहिलं की पुरे. एक खोच मात्र आहे. टेक्स्टबॉक्स रीडओन्ली (फक्त वाचण्यापुरता) केला की फोअरकलर लागूच होत नाही. आधी बॅककलर (पार्श्वभूमीचा रंग) स्वतः ठरवून द्यावा लागतो. व्हीबी ६ मध्ये लॉक्ड, म्हणजे बदल न करता येणारा टेक्स्टबॉक्स आपला रंग बिनतक्रार राखतो.

एनेबल्ड (वापरता येण्याचा गुणधर्म) बंद केलं की दोन्हीकडे अक्षरं करडी.

नवं काम डॉट नेटमध्येच करा. जुना प्रोग्राम नीट चालत असेल, तर फक्त बटणाच्या रंगासाठी तो मोडू नका. बटणाशेजारी लाल लेबल ठेवा.