फोनचा कॉल दिसतो, बेल्टचं तापमान दिसत नाही : साइड-बाय-साइड आठेक महिने वापरल्यानंतर

साइड-बाय-साइड म्हणजे शेजारी-शेजारी सीट असलेली, कच्च्या रस्त्यावरच्या कामाची उघडी गाडी. माझ्या गाडीबद्दल बाकी तक्रार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पुढचं वाचून कुणालाही वाटेल की मी ती रागानं विकायला काढली आहे. सस्पेन्शन उत्तम, इंजिनात दम आहे, मागचा हौदा सांगू तेवढं ओझं घेतो. माझं भांडण एका रबरी बेल्टवरून सुरू झालं, आणि आता ते बेल्टशी राहिलेलंच नाही. ते डिस्प्लेशी आहे.

या डिस्प्लेवर कूलंटचं तापमान दिसतं, बॅटरीचे व्होल्ट दिसतात, फोनवर कुणाचा कॉल येतोय ते दिसतं, गाणं बदलता येतं. इंजिनाची सगळी ताकद ज्या एका पट्ट्यावरून चाकाकडे जाते आणि जो उष्णतेनंच मरतो, त्याचं तापमान मात्र कुठेच नाही. गाणं बदलायची सोय कुणी मागितली होती?

बेल्ट गेला तो चढावर, हौदा भरलेला असताना. आधी जळक्या रबराचा वास आला. मग अ‍ॅक्सिलरेटर दाबला की आरपीएम वर जायचे, पण गाडी हलायची नाही. शेवटी कव्हरच्या आत सटासट फटके बसल्याचा आवाज आणि गाडी जागेवर. इंजिन मजेत चालू, गिअर पडतोय, पण चाकाला काही पोचत नाही. निदानाला मेकॅनिक लागत नाही.

कव्हर काढायला मात्र संयम लागतो. एक बोल्ट अशा कोपऱ्यात आहे की मागचं चाक उतरवल्याशिवाय पाना नीट फिरत नाही. बेल्ट ज्या दोन पुल्यांवर फिरतो त्यांना क्लच म्हणतात, पुढचा इंजिनाकडचा आणि मागचा चाकांकडचा. आत बेल्टचे दोरे पुढच्या क्लचच्या मागे शाफ्टभोवती आवळून बसले होते. हे दोरे घाईत कापून तसेच सोडू नका. ते ऑइल सीलमध्ये घुसले तर बेल्टच्या खर्चावर आणखी एक खर्च बसतो. रबराचे तुकडे हवा बाहेर जाणाऱ्या डक्टमध्ये उडून अडकतात, ते नाही काढले तर नवा बेल्ट पहिल्या दिवसापासून कोंडलेल्या हवेत चालतो. पक्कड, कॉम्प्रेसरची हवा आणि बराच वेळ, एवढं जवळ असलं की काम होतं.

मग सर्व्हिस सेंटर. बेल्ट हा झिजणारा भाग आहे, वॉरंटीत बसत नाही, हे पहिलं उत्तर. तुमची चालवण्याची पद्धत, हे दुसरं. मी तुटलेला बेल्ट पिशवीत घालून नेला होता, तो काउंटरवर ठेवला. चाकं अडलेली असताना अ‍ॅक्सिलरेटर दाबून धरला तर पुढचा क्लच एकाच जागी बेल्टवर फिरत राहतो आणि तिथे बेल्ट जळून बारीक होतो. चालवणाऱ्यावर दोष टाकायचा असेल तर असा एक डाग दाखवावा लागतो. माझ्या बेल्टवर तसा डाग नव्हता. दोन्ही कडा सगळीकडून सारख्या चकचकीत झाल्या होत्या, दातांच्या मुळाशी बारीक भेगा होत्या. हे एका वेळच्या चुकीचं लक्षण नाही, बराच काळ गरम चालल्याचं आहे.

गरम का चालला, तर हवा आत येते त्या तोंडाची जाळी सुक्या गवतानं आणि बियांनी गच्च भरली होती. पहिल्या सर्व्हिसच्या कागदावर याच जाळीसमोर ‘तपासली’ म्हणून बरोबरची खूण आहे. तो कागद मी जपून ठेवला होता, बिलं आणि कागद मी टाकत नाही. तो पुढे सरकवल्यावर आवाज जरा खाली आला. बेल्टचे पैसे घेतलेच, पण मजुरी सोडली. मी एवढ्यावर थांबलो, कारण लढत राहण्यात पेट्रोल जास्त गेलं असतं.

त्या दिवशी घरी येऊन मी या बेल्टला आणि तो बनवणाऱ्याला शिव्या घालणारा परिच्छेद लिहून ठेवला होता. तो आता काढून टाकला आहे, कारण मधल्या काळात तापमानाचा सेन्सर बसवला. कव्हरला भोक पाडून बेल्टच्या दिशेनं रोखलेला इन्फ्रारेड सेन्सर आणि समोर छोटा आकडा. खर्च साधारण एका चांगल्या बेल्टएवढा. आतली नुसती हवा मोजणारे स्वस्त प्रोबही मिळतात, पण हवा गरम झालेली कळेपर्यंत रबर कधीच पुढे गेलेलं असतं.

साधारण 80 अंश सेल्सिअसपर्यंत बेल्ट निवांत असतो. 100 च्या पुढे रेंगाळू लागला की हात आखडता घ्यावा. कारखान्यांतल्या व्ही-बेल्टसाठी जुना ठोकताळा आहे, की बेल्टचं तापमान 10 अंशांनी वाढलं की आयुष्य अर्ध्यावर येतं. आपला बेल्ट त्याच घराण्यातला. ओढणारे दोरे बहुतेक अ‍ॅरामिडचे, म्हणजे केव्लारसारख्या चिवट कृत्रिम धाग्याचे, ते सहज हार मानत नाहीत. पण त्यांना धरून ठेवणारं रबर भाजलं की दोरे सुटे होतात आणि मग मजबूत दोऱ्यांचा उपयोग फक्त शाफ्टभोवती गुंडाळायला होतो.

आकडा डोळ्यांसमोर आल्यावर पहिली गोष्ट दिसली ती ही, की वेगानं चालवणं हा सर्वांत मोठा शत्रू नाही. भन्नाट सुटल्यावर आकडा चढतो हे खरं, आणि सपाटीवर बराच वेळ पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दिला तर चांगलाच चढतो. पण ओझं घेऊन हाय गिअरमध्ये मुंगीच्या पावलानं चढ चढताना तो जसा पळतो तसा इतर कधी पळत नाही. कारण सीव्हीटीत, म्हणजे बेल्ट आणि दोन क्लच यांच्या या आपोआप बदलणाऱ्या गिअरच्या रचनेत आहे. पुढच्या क्लचची वजनं आरपीएमवर बाहेर पडतात आणि बेल्टला चिमटतात. हाय गिअरमध्ये हळू चाललो तर इंजिन त्या पकडीच्या काठावरच राहतं. बेल्ट धड धरलेला नाही, धड सुटलेला नाही, मधे घासतोय. वर क्लचच्या पंख्याची पाती कमी फिरतात म्हणून थंड हवाही कमी. लोमध्ये त्याच वेगाला इंजिन जास्त फिरतं, पकड घट्ट बसते आणि पंखाही फिरतो. इंजिन ओरडतंय म्हणून लो टाळणारे बरेच आहेत. ओरडू द्या. ताशी 10-12 किलोमीटरच्या खाली चालायचं असेल, ओढायचं असेल, चढायचं असेल, तर लो. गाडी ट्रेलरवर चढवताना तर नक्कीच, तिथे लोक इंच इंच पुढे सरकतात आणि बेल्टचा सर्वांत जास्त छळ त्या दोन मिनिटांत होतो.

दुसरी गोष्ट मला अजिबात अपेक्षित नव्हती. जोराच्या चढानंतर लगेच इंजिन बंद केलं तर आकडा आधी थोडा वर जातो. पंखा थांबला, हवा थांबली, आणि क्लचच्या धातूतली सगळी धग मधे बसलेल्या बेल्टला मिळते. आता मी शेवटचा टप्पा सावकाश चालवतो, किंवा थांबल्यावर इंजिन थोडा वेळ चालू ठेवतो. फुकटचा उपाय आहे, म्हणून विशेष आवडला.

म्हणजे बेल्टचा दोष नव्हता. दुसऱ्या बनावटीचा बेल्ट लावला तरी याच चढावर आकडा जवळपास तोच येतो. जास्त टणक बेल्ट घ्या म्हणजे जास्त टिकेल, असं छातीठोकपणे सांगणारे भेटतात. टणक बेल्टला लहान व्यासाभोवती वाकायला जास्त जोर लागतो आणि त्या वाकण्यातूनही उष्णताच होते. बेल्टला दात पाडतात ते त्याला वाकणं सोपं जावं म्हणून. रुंदी आणि लांबी थोडी जरी वेगळी असली तरी क्लचचं सगळं गणित हलतं. तेव्हा आपल्या मॉडेलचा पार्ट नंबर जुळवा आणि जाहिरातीतल्या विशेषणांवर जास्तीचे पैसे घालू नका. मोठे टायर बसवायचे असतील तर मात्र तो खर्च एकट्या टायरचा नाही. चाक जड आणि मोठं झालं की बेल्टवरचा भार वाढतो, आणि क्लचची स्प्रिंग आणि वजनं बदलून घेतली नाहीत तर ती शोभा बेल्टच्या जिवावर चालते.

नवा बेल्ट बसवताना दोन कामं कुणी सांगत नाही. बेल्ट साबणाच्या कोमट पाण्यानं धुवून पूर्ण वाळवायचा, कारण साच्यातून काढताना वापरलेला थर त्यावर असतो. आणि दोन्ही क्लचच्या चकत्या अल्कोहोलनं पुसायच्या, जुन्या रबराचे पट्टे राहिले असतील तर घासायच्या, मग त्यांना तेलकट बोट लावायचं नाही. बाण फिरण्याच्या दिशेला. त्यानंतरचे पहिले 80 किलोमीटर ओझं नाही, पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर नाही, एकाच वेगावर तासन्‌तास नाही. मी दोन बेल्ट घेतले, एक आधी असा रुळवून काढून ठेवला आणि दुसरा लावला. रस्त्यात बदलायची वेळ आली तर रुळलेला बेल्ट लगेच कामाला लागतो, कोरा असता तर ओझ्यासकट परतीच्या प्रवासातच तो भाजून निघाला असता. सुटा बेल्ट पिळून, घडी घालून सीटखाली कोंबू नका, आतले दोरे मोडतात. आणि मागचा क्लच फाकवायचं छोटं हत्यार गाडीतच ठेवा, नुसता बेल्ट जवळ असून भागत नाही.

पाण्याचं थोडक्यात. कव्हरमध्ये पाणी गेलं की बेल्ट घसरतो आणि जळल्यासारखाच वागतो. घाबरू नका. खालचा ड्रेन प्लग काढा, न्यूट्रलला इंजिन जरा वाढवून फिरवा, पाणी उडून जातं. तसंच गाडी दामटली तर तो खरंच जळतो.

बेल्ट नकोच असेल तर रस्ते आहेत. होंडाच्या पायोनिअर 1000 मध्ये ड्युअल क्लचचे खरे गिअर आहेत. कुबोटाच्या डिझेल आरटीव्ही हायड्रोस्टॅटिक आहेत, म्हणजे ताकद तेलाच्या दाबानं चाकाकडे जाते. पोलारिसनं 2024 च्या रेंजर एक्सडी 1500 ला बंद घरातला, द्रवानं थंड होणारा स्टीलचा बेल्ट दिला. यामाहाच्या अल्ट्रामॅटिकमध्ये बेल्ट रबरीच आहे, पण सुरुवातीची घसर तेलातला सेंट्रिफ्युगल (इंजिन फिरलं की आपोआप पकडणारा) क्लच सोसतो आणि बेल्ट कायम ताणात राहतो. मला हा विचार सर्वांत शहाणा वाटतो. तरी माझी गाडी मी एवढ्यात बदलणार नाही. रबरी बेल्ट हलका असतो, मी घरी बदलू शकतो, आणि गिअरबॉक्स उघडण्यापेक्षा केव्हाही स्वस्त पडतो. पुढच्या मॉडेलमध्ये एक सेन्सर आणि डिस्प्लेवर एक आकडा द्या, गाणं बदलायची सोय काढून घेतली तरी चालेल.

वापरलेली गाडी घेणाऱ्यांसाठी एक: किलोमीटर एकटे वाचू नका, तासांचा आकडा शेजारी ठेवा. 500 तास आणि 4000 किलोमीटर म्हणजे सरासरी ताशी 8 किलोमीटर. अशी गाडी हळू कामाची आहे, तेव्हा मालकाला लो गिअर कधी वापरता ते विचारा. उत्तर ‘फसल्यावरच’ असं आलं तर कव्हर उघडून घ्या, चकत्यांवर बोट फिरवून खाच लागते का बघा, बेल्टची रुंदी व्हर्निअरनं मोजून मॅन्युअलमधल्या मर्यादेशी ताडा. कव्हर उघडायला मालक नाही म्हणाला तर त्या कोपऱ्यातल्या बोल्टमुळे म्हणत असेल, हेही शक्य आहे. पाना तुम्हीच घेऊन जा.