से ला की असल उत्तर: डिव्हिजन तीच, निकाल उलटा

अमळनेरच्या कट्ट्यावर हा वाद नेहमीचा आहे भाऊ, की आपल्या लष्कराची चौथी डिव्हिजन १९६२ ला चीनसमोर से ला इथे कोलमडली आणि १९६५ ला तिनेच असल उत्तरला पाकिस्तानचे पॅटन रणगाडे कसे अडवले. से ला म्हणजे आजच्या अरुणाचलातली जवळपास चौदा हजार फुटांवरची खिंड, जागा एकदम भारी, पण मागे रस्ता एकच. चिनी बगलेतून डोंगर उतरून त्या रस्त्यावर आले आणि नोव्हेंबरात रात्रीच माघार सुरू झाली, मग काय, सगळं विस्कटलं.

असल उत्तरला उलट. सपाट पंजाब, समोर पाकिस्तानची अख्खी आर्मर्ड म्हणजे रणगाड्यांची डिव्हिजन. डिव्हिजनचे प्रमुख गुरबक्षसिंगांनी सीमेजवळचं खेमकरण गाव सोडून मागे घोड्याच्या नालेच्या आकाराची फळी लावली, शेतांत पाणी सोडलं. आपल्याकडे भरणं दिलेल्या काळ्या रानात ट्रॅक्टर घातला तर काय होतं ते तुम्हाला सांगायला नको, तिथे तर पॅटन होते! उसात लपलेल्या तोफा, आपले अब्दुल हमीद जीपवरच्या रिकॉइललेस (रणगाडाभेदी) गनने एकेक टँक टिपत होते, १० सप्टेंबरला ते शहीद झाले, परमवीर चक्र मिळालं.

माघार दोन्हीकडे झाली, पण खेमकरणची ठरवून, पुढची जागा बघून. माझं मत असल उत्तरला. से लाच्या जवानांना मात्र नावं ठेवू नका, गोंधळ वरच्यांचा होता.