स्पेक्ट्रम प्लस: आठ महिन्यांच्या वापरानंतर

दादाने १९८८ साली पाचपाखाडीच्या घरी स्पेक्ट्रम (सिंक्लेअर या ब्रिटिश कंपनीचा, टीव्हीला जोडायचा आणि कॅसेटवरून प्रोग्राम भरायचा घरगुती कॉम्प्युटर) आणला तेव्हा मी चौथीत होतो. पुढे त्याच्या इंजिनिअरिंगच्या फीसाठी तो विकला. खोकं तेवढं राहिलं, आणि आई कित्येक वर्षं त्यात गणपतीच्या मखराचं सामान ठेवायची. गेल्या ऑक्टोबरात तसाच एक स्पेक्ट्रम प्लस हाती लागला: १९८४चं मॉडेल, ४८ के मेमरी, झेड ८० प्रोसेसर. तेव्हापासून तो जवळजवळ रोज चालू असतो. कुणाच्या मनात घ्यायचं असेल तर त्यांच्यासाठी हे लिहितोय.

विकणाऱ्याने 'चालू आहे' म्हणून दिला, प्रत्यक्षात दहा बटणं मुकी होती. बटणांखाली प्लॅस्टिकची पातळ मेंब्रेन असते. वय झालं की तिची पट्टी कडक होते आणि कनेक्टरपाशी तडकते. एक रेघ गेली की पाच किंवा आठ बटणं एकदम जातात. नवी मेंब्रेन आजही बनते, मी बाहेरून मागवली. सौदा करताना हा खर्च धराच. दुसरं म्हणजे, दिसला नऊ व्होल्टचा अडॅप्टर की लावला, असं करू नका. याच्या पिनेत मधलं टोक निगेटिव्ह असतं आणि बाजारातले बहुतेक अडॅप्टर उलटे असतात. आतला ७८०५ रेग्युलेटरही (नऊ व्होल्टचे पाच करणारा भाग) चांगलाच तापतो. ठाण्याच्या मे महिन्यात हात लावून बघितल्यावर मी तो बदलून थंड राहणारा बसवला. टीव्हीसाठी कॉम्पोझिटची (थेट व्हिडिओ सिग्नलची) वायर काढून घेतली. नव्या टीव्हीवर लाल अक्षरांच्या कडा थरथरतात, पण वाचता येतं.

कॅसेटचं मात्र प्रेमाने करावं लागतं. पावसाळ्यात टेपवर बुरशी धरते, म्हणून सगळ्या कॅसेट सिलिका जेलच्या पुड्या घालून डब्यात ठेवल्यात. प्रोग्राम फोनवरून वाजवूनही लोड होतो, आवाज पूर्ण ठेवला की झालं. तरी मी टेपच लावतो. आधी लांब शिट्टी, स्क्रीनच्या कडेला लाल-आकाशी जाड पट्टे, मग एकदम निळे-पिवळे बारीक पट्टे धावू लागतात आणि खरखर सुरू होते. मोठ्या गेमला चार-पाच मिनिटं लागतात. शेवटच्या क्षणी 'टेप लोडिंग एरर' आला तर टेपच्या हेडचा छोटा स्क्रू किंचित फिरवून परत पहिल्यापासून. दिवाळीत दादा खारघरहून आला होता. त्याने बटणांकडे न बघता 'J'चं बटण दाबलं, पुढे दोन अवतरणचिन्हं, एंटर. 'J' दाबलं की 'लोड' हा अख्खा शब्द उमटतो, हे त्याच्या बोटांना अजून पाठ होतं.

गेम महिन्याभरात मागे पडले. हे मशीन मला आवडतं ते चालू केल्या केल्या बेसिक, म्हणजे प्रोग्राम लिहायची भाषा, समोर येतं म्हणून. लॅपटॉपवर एम्युलेटर (स्पेक्ट्रमची नक्कल करणारा प्रोग्राम) आहे, अगदी हुबेहूब चालतो, पण त्याच्या शेजारी मेल उघडी असते. इथे दुसरं काहीच नसतं, म्हणून माणूस लिहायला बसतो.

माझी भाची नौपाड्यात हार्मोनियम शिकते. तिला 'बीप १,०' टाइप करायला लावलं; पहिला आकडा किती सेकंद वाजायचं, दुसरा सूर किती पट्ट्या वर हे सांगतो. एक सेकंद सूर वाजला आणि ती लगेच म्हणाली, "मामा, ही पांढरी एक!" बरोबर. शून्य म्हणजे मिडल सी, पेटीवरची पांढरी एक. मग ०, २, ४, ५, ७, ९, ११, १२ अशी सरगम तिने स्वतः बसवली. खरी मजा पुढे आली. स्पेक्ट्रमला अपूर्णांक चालतो. 'बीप १,४' हा पेटीचा गंधार. त्याच्या जागी मी ३.८६ टाकलं, म्हणजे षड्जाशी पाचास चार या प्रमाणातला गंधार. तिने डोळे मिटून दोन्ही चार-चारदा ऐकले आणि सांगितलं, "दुसरा तंबोऱ्यातला आहे." चाळीस वर्षांपूर्वीच्या एका लहानशा स्पीकरमधून तिला तो फरक ऐकू आला.

आता ती दर शनिवारी येते. गेल्या खेपेस तिने भूपाची पाच स्वरांची यादी अपूर्णांकांत लिहिली, 'सेव्ह' करून प्रोग्रामला स्वतःचं नाव दिलं, टेपचं रेकॉर्डचं बटण दाबलं आणि पट्टे थांबेपर्यंत जागची हलली नाही.