टच पॅनेलचं पेटंट: साधी तपासणी की जलद?

रावेर-यावलच्या केळीबागेत ठिबकचा कंट्रोलर चालवायचा, तर ओल्या बोटानं टच धड चालत नाही. स्क्रीनवरचा पाण्याचा थेंबही कपॅसिटिव्ह (स्पर्शानं बदलणारा विद्युतभार टिपणाऱ्या) पॅनेलला बोटासारखाच भासतो. यावर जळगाव एमआयडीसीतल्या एखाद्या छोट्या कारखान्यानं तोडगा काढला, तर अर्ज जाणार मुंबईच्या पेटंट कार्यालयात. तपासणी मात्र आपोआप होत नाही, मागावी लागते.

साधी मागणी फॉर्म १८ वर, लघुउद्योगाला ऑनलाइन ४,००० रुपये. जलद मागणी फॉर्म १८-अ वर, ८,००० रुपये. शिवाय अर्ज आधीच प्रसिद्ध झालेला नसेल, तर फॉर्म ९ भरून तो लवकर प्रसिद्ध करून घ्यावा लागतो, त्याचे २,५०० वेगळे. जलद रांग सगळ्यांना खुली नाही. स्टार्टअप, लघुउद्योग, महिला अर्जदार अशांनाच.

पैशाचा फरक किरकोळ आहे हो. खरी गोम दाव्यांत आहे, म्हणजे शोधात नेमकं काय आपलं ते सांगणाऱ्या मजकुरात. टच पॅनेलमध्ये आधीची पेटंटं खच्चून भरलीत. ‘आधीच माहीत असलेली उपकरणं नुसती शेजारी मांडली’ म्हणून पेटंट कायद्याचं कलम ३(एफ), आणि थेंब ओळखणं निव्वळ सॉफ्टवेअरवर सोडलं तर ३(के), असे आक्षेप हमखास येतात. इलेक्ट्रोडची रचना नि सिग्नल मोजायची पद्धत आकड्यांसकट लिहिलेली असेल, तर जलद घ्या. चाचण्या बाकी असतील तर साधीच बरी. २०२४ च्या नियमांनुसार मागणीला पहिल्या अर्जापासून ३१ महिने मिळतात. कार्यालयाच्या आक्षेपांच्या पहिल्या अहवालाला उत्तर द्यायला दोन्हीकडे सहा महिने. घाईत अर्धवट दावे पाठवले, तर आक्षेपही घाईनंच दारात.